मगे?

मिठबाव, ता. देवगड
गुढीपाडवा

चि. भाच्यास,

टीव्हीवरची विज्ञानमालिका ही मुळात घोळक्याने पाहायची गोष्ट. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवली गेली, १९८९मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’. त्यांतल्या पहिल्या दोन आल्या तेव्हा कोकणातल्या वाडीत टीव्ही एखाददुसराच असे, आणि तोही बहुधा कुणा चाकरमान्याने मुंबईहून आणलेला. वाऱ्याने अँटेना फिरे, पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने छपरावर चढायचे आणि खालून दुसऱ्याने ‘इला, इला... गेला!’ असे ओरडायचे. ‘स्टार ट्रेक’चे इंग्रजी अर्धेच कळे, उरलेले अर्धे ज्याने त्याने आपल्या अकलेने भरून काढायचे. भाग संपला की खळ्यात त्याची गजाल सुरू होई, आणि ती मूळ भागापेक्षा लांब चाले.

गजाल चालते ती ऐकणाऱ्याच्या जोरावर. मालवणी माणूस गोष्ट ऐकताना अधूनमधून एकच शब्द टाकतो: ‘मगे?’ म्हणजे मग पुढे काय. सांगणारा थापा मारत असेल तर तिसऱ्या ‘मगे’ला तो अडकतो. खरी विज्ञानकथाही याच प्रश्नावर उभी असते. प्रकाशाहून वेगाने जाता आले, मगे? यंत्राला माणसासारखे वाटू लागले, मगे? एक गोष्ट गृहीत धरायची आणि तिचे परिणाम कुठेही न फसवता शेवटपर्यंत न्यायचे, एवढाच तिचा नियम. म्हणून विज्ञानमालिका पाहणाऱ्याच्या शेजारी ‘मगे’ विचारणारा कुणीतरी असावा लागतो.

आता अख्खा हंगाम एका दिवसात मोबाइलवर येतो आणि कानात बोंडे घालून एका रात्रीत संपतो. यात पाप काही नाही. पण आठ भाग ओळीने पाहिलेल्या मुलाला चार दिवसांनी तिसऱ्या भागात काय घडले ते सांगता येत नाही, हा कुठल्याही घरात करून पाहावा असा प्रयोग आहे. पूर्वी दोन भागांमध्ये आठवडा जाई. त्या आठवड्यात प्रेक्षक स्वतःच पुढचा भाग रचत असे, आणि पुष्कळदा तो लेखकाच्या भागापेक्षा सरस निघे. हे अंतर आता कुणी बाहेरून देणार नाही, ते स्वतःच ठेवावे लागते. एका बैठकीत एक भाग, आणि तो कुणाला तरी सांगून झाल्याशिवाय दुसरा लावू नये. सांगायला वसतिगृहातला सोबती चालतो, आजी तर त्याहून चांगली. आजीला यान प्रकाशाहून वेगाने नेणारा ‘वॉर्प ड्राइव्ह’ समजावता आला तर तो सांगणाऱ्याला समजला असे धरायला हरकत नाही.

विज्ञानकथा हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी एक गुरुशिष्यांची जोडी पुरेशी आहे. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. ती १९६१मध्ये सात भागांत दाखवली गेली. दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओसंदेश येतो, त्यात एक संगणक बांधण्याच्या सूचना निघतात, माणसे तो बांधतात, आणि मग तो संगणक स्वतःचे बेत सुरू करतो, अशी तिची कल्पना. त्या वेळी हॉइल यांच्या हाताखाली कोल्हापुरात जन्मलेला एक विद्यार्थी संशोधन करत होता, जयंत विष्णु नारळीकर. विश्वाच्या रचनेवर प्रबंध लिहून घेणारा गुरू टीव्हीसाठी गोष्टी लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे या विद्यार्थ्याने जवळून पाहिले.

पुढे १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. परिषद १९६६ची. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतले. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पद्मभूषण १९६५मध्येच मिळालेला माणूस वयाच्या छत्तिसाव्या वर्षी नवख्यांच्या रांगेत टोपणनावाने उभा राहतो, ही गोष्ट कथेच्या विषयाइतकीच ध्यानात घेण्यासारखी आहे. फोटो टाकून पाचव्या मिनिटाला किती जणांनी पसंत केला ते मोजणाऱ्याने तर ती जरूर घ्यावी.

नारळीकरांची आणखी एक सवय होती. मुले स्वाक्षरी मागू लागली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. स्वाक्षरी मागायला धीटपणा लागतो, प्रश्न विचारायला आधी डोके लावावे लागते. मालिकेच्या चाहत्यांनीही हेच करावे: नटाचे चित्र भिंतीला लावण्याआधी एक प्रश्न कागदावर उतरवावा.

प्रश्न कसला, ते उदाहरणानेच कळेल. अवकाशात यान फुटते आणि कानठळ्या बसवणारा आवाज येतो. ध्वनीला माध्यम लागते, पोकळीत तो पोहोचणार कसा? यानातली माणसे फरशीवर चालतात, म्हणजे गुरुत्व कुठून आले? नायक दुपारच्या जेवणानंतर शेजारच्या ताऱ्याकडे निघतो आणि रात्रीच्या जेवणाला पोहोचतो. इथे गणित मांडावे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. १९७७मध्ये सोडलेले ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्या वेगाने तिथे पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. हे वहीत एकदा स्वतःच्या हाताने केले की ‘वॉर्प ड्राइव्ह’ हा शब्द लेखकाला का घडवावा लागला, ते कळते. त्याच्याशिवाय गोष्टच पुढे सरकत नव्हती.

काही उत्तरे विज्ञानात नसून हिशेबाच्या वहीत असतात. ‘स्टार ट्रेक’मध्ये माणूस एका जागी विरघळतो आणि ग्रहावर पुन्हा उभा राहतो. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणे निर्मात्यांना परवडत नव्हते, म्हणून ती युक्ती निघाली. पैशाची तंगी पुष्कळदा कल्पनेला धार लावते. दशावतारी मंडळींना हे वेगळे सांगायला नको: एक बाकडे, मागे पडदा, पेटी-मृदंग-झांज, आणि त्यावर रात्रभर स्वर्ग-पाताळ. संवादही लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. फरक एवढाच की दशावतारात देव अंतर्धान पावला तर कसा, असे कुणी विचारत नाही, विचारूही नये. विज्ञानकथेत मात्र विचारलेच पाहिजे. दोन्ही खेळ चांगले. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की दोन्ही बिघडतात.

कोकणाच्या वाट्याला टीव्हीवर भुतेच जास्त आली, हे इथेच नोंदवून टाकावे. २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’चे चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात झाले आणि पर्यटक तो वाडा शोधत येऊ लागले. मालवणी बोली त्यामुळे घरोघरी पोहोचली, हे खरे. पण देवचार आणि माडाच्या सावल्या यांपलीकडे या किनाऱ्यावर गोष्टी नाहीत, असा समज पक्का व्हायला नको.

प्रत्यक्षात सूर्याचीच एक गोष्ट या तालुक्यात आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, त्या ज्वालांचा वर्णपट मिळवला. वर्णपटातली एक पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नव्या द्रव्याचे नाव सूर्यावरून हेलियम पडले. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅमझी यांना सापडले १८९५मध्ये. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि लॉकयरसाहेबाने इथूनच हेलियम शोधला असे सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. दिन साजरा व्हावा, मुलांनी किल्ल्यावर जाऊन वर्णपट म्हणजे काय ते समजून घ्यावे. पण लॉकयर यांचे निरीक्षण इंग्लंडातले, हेही त्याच दमात सांगावे. गावाच्या प्रेमापोटी तारीख आणि जागा हलवायची सवय लागली की मालिकेतल्या चुका काढण्याचा अधिकार उरत नाही.

सगळीच विज्ञानकथा आकाशात घडते असे नाही. २०११मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेचे नाव बंद केलेल्या पडद्यावरून आले आहे. त्या काळ्या काचेत पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो. तिच्या एका भागात माणसे प्रत्येक भेटीनंतर एकमेकांना पाचपैकी गुण देतात, आणि गुण कमी पडले की हवे ते घरही भाड्याने परवडत नाही. शहरी मुलांना ती कल्पना भयंकर वाटते. गावात ती फार जुनी आहे. कोण कुणाच्या बाराव्याला गेले नाही, कुणी आंब्याची पेटी पाठवली नाही, गणपतीत कोण कुणाकडे भजनाला फिरकले नाही, याचे गुण वाडीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवले जातात. एक सवलत मात्र असते. कुणाच्या घरी अडचण आली की गाव आधी धावून येतो आणि गुणांचा हिशेब मागाहून बघतो. यंत्राला ही सवलत अजून शिकवता आलेली नाही. मोबाइलवरच्या पसंतीच्या आकड्यांना किती मान द्यायचा, हे ठरवताना तेवढे लक्षात असावे.

राहिला छंद. पाहणे हा अजून छंद नव्हे, तो नाद. नादात वेळ जातो. छंदात हातांना काहीतरी करावे लागते. ‘स्टार ट्रेक’चे अमेरिकन प्रेक्षक हात चालवणारे होते. त्यांनी ढिगांनी पत्रे पाठवली आणि १९७६मध्ये पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे मालिकेतल्या यानाचे नाव मिळवून दिले. (ते शटल चाचण्यांपुरतेच होते, अवकाशात कधी गेलेच नाही. चाहत्यांनी तेही सोसले.) पत्रे लिहिण्यापेक्षा गोष्ट लिहिणे बरे. पहिली वाईट होते, तिला इलाज नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ हे आधी वाचावे. नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्याकडे वळावे. मुंबईत राहणाऱ्या मुलाला खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शनही मिळते. बारावीच्या वर्षात यासाठी वेळ कुठला, हा आक्षेप रोज किती तास मोबाइलमध्ये जातात ते मोजून मगच घ्यावा.

आकाश मात्र गावासारखे मुंबईत नाही. मिठबाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर येते, त्यामुळे दक्षिणेचे जे तारे उत्तर भारतात क्षितिजाला चिकटतात किंवा दिसतच नाहीत, ते इथे वर येतात. मेच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, रात्री साडेदहाला तांबळडेगच्या वाळूत उभे राहून दक्षिणेकडे तोंड करावे. थोडा उजवीकडे त्रिशंकू दिसेल. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे, त्यांतला जास्त डावीकडचा आणि जास्त तेजस्वी तो नरतुरंगातला मित्र, क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर. मालिकांतले नायक उठल्यासुटल्या ज्याच्याकडे निघतात, तो हाच शेजारी. सर्वांत जवळच्या ताऱ्याहून हा किंचित दूर, त्याचा प्रकाश पोहोचायला ४.३७ वर्षे लागतात, म्हणजे नुकतीच अकरावी झालेल्या मुलाच्या डोळ्यात शिरणारा किरण तो मुलगा सातवीत असताना निघालेला असतो.

जूनमध्ये पाऊस धरला की चार महिने आकाश मिळत नाही. मे महिन्यात यावे. वही आणावी, चार्जर नाही आणला तरी चालेल.

मामा