मंद लॅपटॉप आणि प्रोसेसरची काटकसर

लॅपटॉप संथ चालू लागला की ‘यंत्र म्हातारे झाले’ असा निकाल देऊन मोकळे होण्याची आपणां सर्वांस सवय आहे. वय वाढले म्हणजे चाल मंदावते, हे माणसाच्या बाबतीत खरे. परंतु प्रोसेसरमध्ये झिजणारे चाक नाही, की सैल होणारा पट्टा नाही. सात-आठ वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही, त्यास मोकळीक मिळाली तर, बहुधा आपल्या मूळच्या वेगानेच चालतो. पुष्कळदा तो मंद झालेला नसतो. त्यास कोणीतरी मंद चालावयास सांगितलेले असते. हे सांगणारे कोण, ते का सांगतात आणि ते कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

विषय निघाला तो आमच्या शाळेच्या वाचनालयातील लॅपटॉपमुळे. गेल्या पावसाळ्यापासून त्याची गती इतकी खालावली, की पुस्तकांची सूची उघडावयास चार-पाच मिनिटे लागू लागली. नवा लॅपटॉप घ्यावा व त्यासाठी यंदाच्या पुस्तकखरेदीची रक्कम वळवावी, अशी सूचना पुढे आली. मराठी पुस्तके हुबळीत सहज मिळत नाहीत. ती बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवावी लागतात. त्या रकमेला हात लावणे आमच्या जिवावर आले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेच्या विद्येत आमची गती बेताचीच. तथापि निकालापूर्वी पुरावा पाहावा, एवढे इतिहासाच्या अभ्यासाने आम्हांस शिकविले आहे.

प्रथम प्रोसेसरचा वेग म्हणजे काय, ते पाहू. प्रोसेसरमध्ये विजेचा एक ठोका अखंड पडत असतो आणि प्रत्येक ठोक्यासरशी काम थोडे पुढे सरकते. एका सेकंदात जितके ठोके पडतात, तितका त्याचा वेग. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ या पहिल्या सूक्ष्म प्रोसेसरचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात लक्ष ठोके होता आणि त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आमच्या वाचनालयातील यंत्राचा पायाभूत वेग १.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६० कोटी ठोके. काम अंगावर आले तर तो ३ गिगाहर्ट्झच्याही वर चढू शकतो.

एवढे ठोके फुकट पडत नाहीत. ट्रान्झिस्टर दर ठोक्याला उघडतात, मिटतात. प्रत्येक वेळी अल्पशी वीज खर्च होते व तिची उष्णता होते. हा खर्च ठोक्यांच्या संख्येच्या पटीत वाढतो, तसाच तो विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या पटीत वाढतो. आता दहावीच्या विद्यार्थ्याने पाटीवर एक गणित करावे. वेग एक-पंचमांशाने कमी केला आणि त्याबरोबर दाबही एक-पंचमांशाने उतरविला, तर खर्च किती? ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२. वेग गेला एक-पंचमांश, आणि वाचला जवळजवळ निम्मा खर्च! (बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज पाझरते, तिचा हिशेब यात धरलेला नाही.) वेग कमी असला की कमी दाबही पुरतो, म्हणूनच हे साधते. प्रोसेसरची सारी काटकसर या गणितावर उभी आहे.

ही युक्ती लॅपटॉपमध्ये २००० सालच्या सुमारास रूढ झाली. त्या वर्षाच्या आरंभी इंटेलने काढलेला एक पेंटियम प्रोसेसर चार्जर जोडलेला असता ६५० मेगाहर्ट्झने चाले व बॅटरीवर ५०० वर येई. त्या काळी अशा दोनच पायऱ्या होत्या. आजचा प्रोसेसर सेकंदात अनेक वेळा आपला वेग बदलतो, आणि काही काम नसले तर आपले भागच्या भाग झोपवून ठेवतो. आपण या ओळी वाचत थांबलो, तेवढ्यातही त्याने कित्येक डुलक्या काढलेल्या असतात.

देशपांडे नगरातील विद्यार्थ्यांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. येथे सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह आहे, आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांचे वास्तव्य याच वस्तीत होते. विलंबित लयीत ख्याल मांडणारा गवई थकलेला नसतो. द्रुत लय त्याच्या गळ्यात असतेच, ती तो वेळ आली म्हणजे काढतो. आमच्या घरच्या कोंकणीत ‘सवकास’ म्हणतात. त्या शब्दात आळसाचा भाव नाही, बेताने चालण्याचा आहे. प्रोसेसरही मोकळ्या वेळी सवकास चालतो, तो त्याचा गुण होय. दोष तेव्हा, जेव्हा द्रुताची वेळ आली तरी लय वाढत नाही.

हे ओळखावे कसे? कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. तेथे प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांवरील भार दिसतो. स्मृती भरली असेल तर उघडी पाने मिटवावी. जुन्या पद्धतीची फिरणारी डिस्क सदैव शंभर टक्के गुंतलेली असेल, तर तिच्या जागी चकती नसलेली नवी डिस्क बसविण्याइतका दुसरा उपाय नाही. मात्र या तपासापूर्वी यंत्र एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. नुसते ‘शट डाउन’ केल्याने विंडोज पुष्कळदा पुरते बंद होतच नाही.

आमच्या लॅपटॉपवर प्रोसेसरचा भार शंभर टक्के दिसत होता, आणि त्याखाली वेग होता ०.३९ गिगाहर्ट्झ! पायाभूत वेगाच्या चतुर्थांशाएवढाही नाही. काम डोक्यावर असूनही वेग चढत नाही, म्हणजे त्यास कोणीतरी अडवीत होते.

अडविणारे संभवतात तीन. पहिली उष्णता. लॅपटॉपच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा सुमारे १०० अंश सेल्सिअस असते. तिच्याजवळ पोहोचताच तो स्वतःस जपण्यासाठी वेग उतरवितो. पंख्यात धूळ साचली, की एप्रिलच्या उन्हात हे हमखास घडते. परंतु आमच्या यंत्राच्या जाळीतून येणारी हवा गार होती आणि पंखा जवळजवळ निश्चल होता. उष्णता निर्दोष ठरली. दुसरी शंका योजनेची. विंडोजच्या वीज-योजनेत ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ नावाचे एक कलम असते. तेथे कोणी १०० ऐवजी ३० लिहून ठेवले, तर प्रोसेसर तेवढ्यातच राहतो. आम्ही पाहिले; तेथे १०० च होते.

उरला तिसरा, आणि त्याचा सुगावा एका वेगळ्याच तक्रारीतून लागला. पडद्यावर बॅटरी ३१ टक्क्यांवर अडकलेली दिसे; चार्जर जोडलेला असूनही ती भरत नसे. ‘बॅटरीही गेली’ असे सर्वांनी गृहीत धरले होते. आम्ही चार्जर काढून टाकला. बॅटरीवर वेग घटावयाचा; येथे तो क्षणार्धात २ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला आणि सूची झटक्यात उघडली. चार्जर पुन्हा जोडताच पुन्हा ०.३९. आता शंका उरली नाही. दोन रोग नव्हतेच. दोहोंचे मूळ एक होते.

जुना चार्जर पावसाळ्यात निकामी झाल्यावर बाजारातून दुसरा आणला होता. त्यावर १९.५ व्होल्ट व ३.३४ अँपियर असे छापलेले होते. दोहोंचा गुणाकार सुमारे ६५ वॅट. यंत्रास हवा तेवढाच. परंतु काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये एक चिमुकली चकती असते व ती जोडणीच्या मधल्या बारीक टाचणीतून ‘मी इतक्या वॅटचा’ असे यंत्रास कळविते. आमच्या नव्या चार्जरकडून ही ओळख मिळत नव्हती. यंत्रास वाटे, हा परका. याची ताकद ठाऊक नाही. म्हणून ते बॅटरी भरणे थांबवी आणि प्रोसेसरास रांगावयास लावी. मूळ चार्जरची मधली टाचणी वाकली किंवा आतील तार तुटली, तरीही हेच घडते.

हा संकेत न जुमानण्याची सोय करून देणाऱ्या युक्त्या आहेत. त्या आम्हांस एकाने सुचविल्याही. आम्ही त्या वापरल्या नाहीत. ४५ वॅटच्या चार्जरवर ६५ वॅटचा भार लादला तर तो तापून जळू शकतो. यंत्राचा संशय अगदीच अनाठायी नसतो. आणि छापील अंकांवर भरवसा ठेवावयाचा, तर तो अंक छापणारा कोण हे तरी ठाऊक असावे!

योग्य ओळखीचा चार्जर नव्या लॅपटॉपच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळाला. तो जोडल्यावर बॅटरी सायंकाळपर्यंत पूर्ण भरली, आणि सूची उघडताना प्रोसेसरचा वेग ३ गिगाहर्ट्झच्या वर गेलेला मुलांनी स्वतः पाहिला. यंत्र सुरू होण्यास मात्र अजून दीड मिनिट लागते. ते त्या फिरणाऱ्या डिस्कमुळे, आणि ती दिवाळीच्या सुटीत बदलावयाची आहे. पुस्तकांची यादी बेळगावला पाठविली आहे.