कोकरांचा हिवाळा

पुण्याच्या पश्चिमेस, पाषाणच्या टेकड्यांपलीकडे सूस हे गाव आहे. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत आले. टेकड्या मात्र जागच्या जागी आहेत. दिवाळी सरली, की टेकड्यांवरील गवत पिवळे पडते. पुढे थंडी वाढते. अशा दिवसांत जन्मलेल्या कोकराने काय खावे व कोठे निजावे?

फलटणकडील धनगर पावसाळा संपताच कळप घेऊन कोकणात उतरतात. वाटेत जन्मलेली कोकरे घोड्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात! मुक्कामी दोरीच्या जाळ्याचे कुंपण उभारतात. त्यास वाघूर म्हणतात. मेंढ्या चरावयास जातात व कोकरे वाघुरीत राहतात. सायंकाळी मेंढ्या परतल्या, की एकच कल्लोळ उडतो. परंतु प्रत्येक मेंढी आपले कोकरू वासावरून नेमके ओळखते.

ज्याच्यापाशी चार-दोनच मेंढ्या आहेत, तो कोकरे घरीच वाढवू शकतो. पूर्वी दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या घोंगड्यांना मोठी मागणी असे. आता मेंढपाळाचे मुख्य उत्पन्न मांसासाठी विकलेल्या कोकरांचे. या मेंढीस बहुधा एकच कोकरू होते. म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीशी संकर करून, जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. पण जुळ्यांना आईचे दूध पुरत नाही, आणि घरच्या खाद्याची गरज वाढते.

थंडीच्या भयाने गोठा चोहोबाजूंनी बंद करणे ही मोठी चूक होय. मूत्राची उग्र वाफ आत कोंडते व कोकरांची छाती धरते. वाऱ्याच्या बाजूस गोणपाट लावावे, वरचा भाग मोकळा ठेवावा आणि जमीन कोरडी राखावी.

जन्मताच कोकरास चीक पाजावा. दोन-तीन आठवड्यांनी ते शेवरीचा कोवळा पाला व लसूणघास कुरतडू लागते. मग मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड द्यावी. येथेच लोभ आडवा येतो. कोकरू लवकर भरावे म्हणून कोणी एकदम पाटीभर भरडा पुढे ठेवतो. धान्य पोटात आंबते, आम्ल वाढते, आतड्यांतील जंतू विष निर्माण करतात, आणि कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरूच एका रात्रीत दगावते. या रोगास आंत्रविषार म्हणतात. म्हणून जाणता मेंढपाळ पहिल्या दिवशी चिमूटभरच भरडा देतो व दोन आठवड्यांत तो हळूहळू वाढवितो. या रोगावर लस आहे. परंतु लस टोचली म्हणून तो आपली मूठ सैल सोडीत नाही.