काळा रंग लावण्याआधी

चि. निनाद यास,


फोटो पाहिले. आप्पांची पद्मिनी शेडमधून बाहेर आली, इंजिन सुरू झालं, हे वाचून फार आनंद झाला. आता रंगाचं विचारतोस, आणि तोही काळा. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. पत्र जपून ठेव आणि काम करताना जवळ असू दे.

मूळच्या क्रीम रंगात पत्र्याची लाट सहसा डोळ्यांत येत नाही. काळ्या चकचकीत रंगात मात्र समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब दारावर पडतं, आणि जिथे पत्रा जरासा दबलेला असेल तिथे तो खांब वाकतो. रंगानं हे झाकलं जाईल अशी आशा धरू नकोस. वरचा रंग सगळा मिळून साधारण 50 ते 60 मायक्रॉनचा बसतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. एवढ्याशा थरात खड्डा भरून निघत नाही, उलट चमक आली की तोच खड्डा उठून दिसतो. स्प्रे-गन चमक देते. सपाटी तुझ्या हाताला आणि पेपरला द्यावी लागते, आणि तीही रंगाचा डबा उघडण्याआधी.

सुरुवात जुन्या रंगापासून कर. आप्पांनी मध्ये एकदा गाडी रंगवून घेतली होती. तो रंग एनसी, म्हणजे आम्ही ज्याला ड्यूको म्हणायचो तो, असण्याची दाट शक्यता आहे. 1923 मध्ये अमेरिकेत हे लॅकर पहिल्यांदा मोटारींवर आलं आणि रंग वाळायला जे आठवडे लागत ते काम काही तासांवर आलं. आपल्याकडच्या गॅरेजांत ते पुढे कित्येक दशकं टिकलं. त्याची अडचण अशी की ते थिनरमध्ये पुन्हा विरघळतं. वर आजचा टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा रंग, मारलास तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या येतात. तेव्हा डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं अर्धा मिनिट दाबून धर. रंग फडक्याला लागला तर एनसी, फुगून सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. दोन्हींत माझं मत एकच आहे: पत्र्यापर्यंत सगळं काढ. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत आणि प्रायमरमध्ये शिसं असायचं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नकोस. रिमूव्हरनं काढ, किंवा पाणी लावून घास. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. कोरडा करून, ग्रीस पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मार.

पुट्टीबद्दल दोन गोष्टी. हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलास तर महिन्याभरानं वरच्या रंगातून डाग उमटतात. आणि पुट्टी कधीही पाण्यानं घासायची नाही. ती पाणी शोषते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि पुढे उन्हात फोड उठतात. अनेक जुने कारागीर अजून ओली घासतात, कारण धूळ होत नाही. त्यांचं ऐकू नकोस. कोरडी घास आणि तोंडाला मास्क लाव.

आता घासण्याचं, कारण खरं काम इथेच आहे. बोटांखाली पेपर धरून घासायचं नाही. बोटं जिथे दाबतात तिथे चर पडतात आणि दोन बोटांमध्ये उंचवटे राहतात. काळ्या रंगात ते मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. दारासाठी आणि बॉनेटसाठी वीतभराहून लांब, सपाट ठोकळा घे. गोलाईसाठी मऊ रबरी. हात तिरका चालव, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, म्हणजे चरांची जाळी होते आणि एका दिशेचं खोदकाम होत नाही. पुट्टीला आकार 80 नंबरनं दे, मग 150, मग 240. प्रत्येक पेपरचं काम एकच असतं, आधीच्या पेपरचे चर पुसायचे. 80 वरून सरळ 320 वर गेलास तर हाताला गुळगुळीत लागेल, पण चर तळाशी तसेच राहतील. सर्फेसर, म्हणजे रंगाखालचा भरीव प्रायमर, त्यांत भरतो, आणि थिनर पुरतं उडून गेल्यावर, कधी कधी आठवड्यानं, आक्रसून खाली बसतो. गाडी देताना आरसा असतो आणि महिन्यानं गिऱ्हाईक परत येऊन ओरखडे दाखवतं, ते यामुळे.

सर्फेसरचे दोन-तीन हात देऊन तो पुरता वाळू दे. मग त्यावर स्वस्तातला काळा मॅट स्प्रे लांबून, अगदी विरळ धुरळून घे. ही खूण-काळी मारायला वेळ लागत नाही, पण बहुतेक जण टाळतात. ठोकळ्यावर 400 नंबरचा वॉटर पेपर लावून घासलंस की उंच जागेवरची काळी निघते आणि खोल जागेतली तशीच राहते. पत्रा स्वतःच नकाशा काढून दाखवतो. काळा ठिपका दिसला म्हणून तेवढाच घासत बसू नकोस, तसं केलंस तर खड्डा मोठा होतो. तिथे पुन्हा भर, पुन्हा घास. शेवटचा हात 600 नं दे, आणि काळ्यासाठी पुढे 800 नंही. सर्फेसर ओला घासला तरी चालतो. फक्त जिथे घासून पुट्टी उघडी पडली तिथे थांब. आणि डोळ्यांवर फार विश्वास टाकू नकोस. पातळ सुती हातमोजा घालून सबंध तळवा पॅनेलवरून लांबवर फिरव. जी लाट डोळ्याला दिसत नाही ती तळव्याला कळते.

पावसाचं बोलायला हवं. मृग तोंडावर आलाय. हवेत ओल असताना वेगानं उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं, त्यावर बाष्प बसतं आणि एनसीसारखा रंग पांढुरका पडतो. पीयूतही हार्डनरला ओल मानवत नाही, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत तर रोज पाणी साठतं. टाकी दररोज रिकामी कर, लाईनवर वॉटर ट्रॅप लाव. माझं ऐकशील तर पावसाळ्यात पत्र्याचं काम उरकून इपॉक्सीखाली गाडी बंद ठेव आणि पुट्टीपासून पुढचं सगळं दसऱ्यानंतर कर. पुतण्याच्या घाईपेक्षा मला आप्पांच्या गाडीची काळजी जास्त आहे.

गनविषयी. टोलेडोच्या डॉ. डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायला एक यंत्र केलं, आणि त्याच घराण्यात पुढे रंगाची गन तयार झाली. म्हणजे काम मुळात एकच आहे, द्रवाचे बारीक, सारखे थेंब करायचे. ते थेंब मोठे राहिले की ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी खडबड, येते. पीयूसाठी 1.3 किंवा 1.4 चं नोझल, सर्फेसरसाठी 1.6 च्या पुढचं. प्रेशर ट्रिगर दाबलेला असताना बघ, सोडलेला असताना काटा खोटं बोलतो. आधी भिंतीवर कागद लावून फवारा तपास. पत्र्यापासून 15 ते 20 सेंटीमीटर, गन काटकोनात, मनगट आवळलेलं, हात खांद्यापासून चालवायचा. हात कमानीत फिरला की कडांना रंग विरळ बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू दे. दोन हातांमध्ये मास्किंग टेपवरच्या रंगाला बोट लावून बघ: तार सुटली तर थांब, नुसतं चिकट लागलं तर पुढचा हात. ओघळ येतात ते बहुधा इथल्या अधीरपणानं. पद्मिनीला बेस आणि क्लिअर नको. एकाच थराचा काळा पीयू त्या गाडीच्या अंगावर शोभतो.

मास्कवर मी तडजोड करणार नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल त्याला अडवत नाही, धुळीचा मास्कही अडवत नाही. त्याचा वास जाणवेल त्याआधीच ते घातक पातळीवर पोचलेलं असतं, त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे ठीक' हा हिशेब चुकतो. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही दम लागतो, आणि मग या धंद्यात परतता येत नाही. माझ्या बरोबरीचे चांगले हात असे गेलेत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क भाड्यानं मिळतो का ते बघ. नाहीच मिळाला तर वरचा रंग बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घे. घासण्याचं श्रेय तरीही तुझंच राहील. हातमोजे, पूर्ण अंगाचा सूट आणि चष्मा हे तर हवेतच.

रंग पक्का वाळल्यावर, निदान चार-पाच दिवसांनी, 1500, 2000, 3000 असं साबणाच्या पाण्यात घास आणि मग पॉलिश. कडांवर टेप लाव, तिथे थर सर्वांत पातळ असतो. बादलीतलं पाणी बदलत राहा. एक खडा पेपरखाली आला तर सबंध दार पुन्हा करावं लागेल. सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश मात्र सगळं काम संपेपर्यंत शेडमध्येही आणू नकोस. त्याचा अंश पत्र्यावर राहिला की रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

आरसी बुकात रंगाची नोंद असते, तेव्हा क्रीमचा काळा करण्याआधी आरटीओत विचारून घे.

आणि रंग आत्ताच विकत घेऊ नकोस. 800 नं घासून झालं की संध्याकाळी पॅनेल पाण्यानं ओलं कर, शेजारी ट्यूबलाईट आडवी धर, आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचं प्रतिबिंब बघ. रेघ सरळ राहिली तर काळा आण, मी आनंदानं येईन. कुठे डुलली तर पुन्हा ठोकळा घे. त्याचे फोटो नकोत, व्हिडिओ पाठव; फोटोत लाट दिसत नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकाका