डागाळलेल्या दातांचे कोडे

अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ भागातील शहरी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे एक तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी येऊन राहिले. तेथील मुले हसली, की मॅके यांना मोठे नवल वाटे. कित्येकांच्या दातांवर गडद तपकिरी डाग होते आणि कितीही घासले तरी ते जात नसत. मॅके यांनी ग्रंथ चाळले. पण या विकाराचा उल्लेख कोठेच सापडेना. गावकऱ्यांना विचारावे, तर कोणी म्हणे, डुकराचे मांस फार खाल्ल्याने असे होते. कोणी निकृष्ट दुधाला दोष देई.

ऐकीव गोष्टींवर मॅके यांचे समाधान झाले नाही. १९०९ साली ग्रीन ब्लॅक हे नामांकित दंतशास्त्रज्ञ त्यांच्या साहाय्यास आले. अनेक मुलांचे दात तपासल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. कायमचे दात घडून झाल्यावर जे परगावाहून तेथे आले, त्यांच्या दातांवर डाग पडत नव्हते. म्हणजे हा डाग बाहेरून चढत नव्हता. दात हिरडीच्या आत घडत असतानाच तो पडत होता. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होती. हे कुरूप दात सहसा किडत नसत!

१९२३ साली आयडाहो राज्यातील ओकली या गावाहून मॅके यांना बोलावणे आले. दूरच्या एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, असे तेथील पालकांनी सांगितले. मॅके यांनी पाणी तपासले. त्यात वावगे काही आढळले नाही. तरीही तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. गावाने तो मानला. काही वर्षांतच धाकट्या मुलांना आलेले कायमचे दात स्वच्छ निघाले. दोष पाण्यातच होता. पण तो कोणता?

आर्कॅन्सॉ राज्यातील बॉक्साइट या गावीही असेच डाग होते. ते गाव एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीने वसविलेले होते. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असतात, असा प्रवाद त्या काळी पसरला होता. या डागांमुळे त्याला बळ मिळेल, अशी धास्ती कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांना वाटली. म्हणून त्यांनी तेथील पाण्याचे अतिशय सूक्ष्म पृथक्करण केले. १९३१ साली त्यांना पाण्यात फ्लोराइड हा क्षार मोठ्या प्रमाणात आढळला. डाग पडणाऱ्या इतर गावांच्या पाण्यातही तोच निघाला. तीस वर्षांचे कोडे उलगडले.

परंतु त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला. दात डागाळू नयेत, पण किडूही नयेत, असे काही प्रमाण असेल काय? ट्रेंडली डीन या शास्त्रज्ञांनी अनेक गावांच्या पाण्याचा व मुलांच्या दातांचा अभ्यास केला. लिटरभर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असल्यास ठळक डाग पडत नाहीत व कीडही कमी होते, असे त्यांना दिसून आले.

दात किडतात तरी कसे? गोड पदार्थांचे कण दातांवर राहिले, की तोंडातील सूक्ष्म जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दातांचे कठीण आवरण झिजविते. फ्लोराइडमुळे हे आवरण आम्लापुढे टिकाव धरते आणि झीज काहीशी भरूनही निघते.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराने आपल्या पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला. असे करणारे ते जगातील पहिले शहर होय. अकरा वर्षांनंतर पाहणी करता, या योजनेनंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दातांची कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. पुढे टूथपेस्टमधूनही फ्लोराइड मिळू लागले. म्हणून २०१५ साली अमेरिकेत पाण्यातील प्रमाण ०.७ मिलिग्रॅम असावे, अशी शिफारस करण्यात आली.

भारतात अनेक ठिकाणी प्रश्न नेमका उलट आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूगर्भातील पाण्यात निसर्गतःच फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर दात डागाळतात. इतकेच नव्हे, तर हाडे व सांधेही ताठरतात. तेथे फ्लोराइड मिसळावयाचे नसून काढावयाचे असते. त्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून पाणी शुद्ध करण्याची एक सोपी रीत शोधून काढली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

एकच क्षार, एके ठिकाणी तो रक्षक ठरतो, तर दुसरीकडे भक्षक. अति तेथे माती, हे वचन जेवणाच्या ताटाइतकेच पाण्याच्या पेल्यालाही लागू आहे. आपल्या गावच्या पाण्यात काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजूनच कळते.

स्वाध्याय

१. डाग बाहेरून चढत नाहीत, हे मॅके यांनी कशावरून ओळखले?
२. ओकली गावच्या अनुभवावरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
३. फ्लोराइड रक्षक केव्हा ठरतो व भक्षक केव्हा, ते सांगा.