चूल, कोळसा आणि हवामान : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

पाठाचा हेतू

ऊर्जा, दारिद्र्य आणि हवामान हे तीन विषय पाठ्यपुस्तकांत निरनिराळ्या ठिकाणी येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र ते पुष्कळदा एकाच घरात नांदताना दिसतात. बाप कोळशाच्या खाणीवर मजुरी करतो, आई रानातून सरपणाची मोळी आणते, आणि त्यांचे मूल एप्रिलच्या उन्हात डोक्याला फडके बांधून शाळेत येते. येथील विद्यार्थ्यास हा विषय दुरून आणून शिकवावा लागत नाही. ऊर्जेची गरज, गरिबाचे हित आणि वातावरणाचे रक्षण या तिन्हींचा विचार विद्यार्थ्याने एकत्र करावा, आणि त्यांतील एकाचा बळी देऊन दुसरे टिकत नाही हे स्वतः पडताळून पाहावे, हा या पाठाचा हेतू होय. पाठास तीन तासिका पुरतील.

पहिली तासिका : चूल

प्रारंभी शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : आज सकाळचा स्वयंपाक कशावर झाला? उत्तरे फळ्यावर लिहावीत. सरपण, गोवऱ्या, गॅस, वीज अशी यादी सहज तयार होईल. मग विचारावे, सरपणाला पैसे किती पडतात? बहुतेक मुले म्हणतील, काहीच नाही. विवेचनास आरंभ करावयाचा तो या उत्तरापासूनच.

सरपण फुकट मिळते हे खरे नाही. त्याचे मोल पैशांत दिले जात नाही, इतकेच. ते मोल तीन प्रकारे द्यावे लागते. पहिले वेळेचे : मोळीसाठी कित्येक तास जातात, आणि हे काम बहुधा स्त्रिया व मुलीच करतात. दुसरे आरोग्याचे : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार चुलीच्या व तत्सम घरगुती धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे ३० लाख लोक अकाली दगावतात. अशा इंधनावर स्वयंपाक करणाऱ्यांची संख्या आजही २०० कोटींच्या आसपास आहे. तिसरे मोल जिवाचे : ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत सरपण, मोहफुले किंवा तेंदूपत्ता आणावयास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात सापडतात. येथे शिक्षकांनी विशेष दक्षता घ्यावी. वर्गात एखाद्या मुलावर असा प्रसंग ओढवलेला असेल, तर तिसऱ्या मुद्द्याचा प्रश्न करू नये. तो सांगून पुढे जावे.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅसची जोडणी आली. तथापि जोडणी येणे निराळे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे निराळे. हातात रोख पैसा नसला की शेगडी कोपऱ्यात राहते व चूल पेटते. कित्येक घरांत दोन्ही एकाच वेळी दिसतात ते यामुळेच. ऊर्जेचे दारिद्र्य म्हणजे केवळ साधनाचा अभाव नव्हे. साधन दारी असूनही ते वापरण्याची ऐपत नसणे हेही दारिद्र्यच, ही गोष्ट मुलांस स्वतःच्या घराच्या उदाहरणावरून पटेल.

दुसरी तासिका : कोळसा

चंद्रपूरच्या भूमीतील कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा बनलेला आहे. दलदलीत गाडल्या गेलेल्या त्या वनस्पतींवर गाळाचे थर साचले; दाब आणि उष्णता यांमुळे त्यांचा दगडी कोळसा झाला. ज्या खडकांत तो सापडतो त्यांस भूशास्त्रज्ञ गोंडवन खडक म्हणतात. हे नाव गोंडांच्या भूमीवरून पडले, आणि पुढे दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडासही हेच नाव मिळाले. गोंड घरच्या मुलांस ही माहिती अगत्याने सांगावी. जगाच्या भूगोलात त्यांच्या समाजाचे नाव कोरलेले आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा एकोणिसाव्या शतकात वरोरा येथे प्रथम काढला जाऊ लागला. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा या भागांत खाणी वाढल्या. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतर आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. येथील वीज राज्यभर जाते; दवाखाने, पाण्याचे पंप, कारखाने आणि शहरांतील दिवे तिच्यावर चालतात. हजारो कुटुंबांच्या पोटाचा आधारही हाच उद्योग आहे.

त्याचे दुसरे अंगही तितक्याच स्पष्टपणे मांडावे. येथील कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. वीज दूरवर गेली, राख मात्र येथेच राहिली.

या ठिकाणी मुलांची एक गल्लत होते, ती वेळीच दूर करावी. चिमणीतून दिसणारी धूळ व राख आणि न दिसणारा कार्बन डायऑक्साइड या दोन भिन्न गोष्टी आहेत. राख यंत्रांनी बऱ्याच अंशी अडविता येते. तिचा त्रास आसपासच्या गावांस होतो. कार्बन डायऑक्साइड त्या यंत्रांनी अडत नाही; तो साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि दीर्घकाळ राहतो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० भागांहून अधिक आहे. तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे.

लाकूड जाळले तरी हाच वायू निघतो, मग दोष कोळशालाच का, असे एखादा चतुर विद्यार्थी विचारील. प्रश्न उत्तम आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले, तर ते हवेतील तितका कार्बन पुन्हा शोषून घेते. कोळशातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत बंद होता. तो परत जमिनीत जाण्यास माणसाचे आयुष्य पुरणार नाही. झाड तोडले आणि पुन्हा लावलेच नाही, तर लाकडाचा हिशेबही कोळशासारखाच तोट्याचा होतो.

चंद्रपूरचे ऊन पूर्वीपासून कडक आहे. प्रत्येक तापलेल्या दिवसाचा दोष चिमणीवर घालू नये. परंतु मूळचे ऊन कडक असलेल्या प्रदेशात थोडी वाढही शेतमजुराच्या जिवावर बेतते. शिवाय हवामान वीजकेंद्रालाही सोडत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटल्यामुळे चंद्रपूर केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते.

फळ्यावरील हिशेब

६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळाला तर ३०० वॅट-तास वीज लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास ४५ वॅट-तास पुरतात. रोजची बचत २५५ वॅट-तास, म्हणजे ३० दिवसांत ७.६५ युनिट. एका युनिटास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरल्यास एका घराचा महिन्याचा सव्वापाच किलोहून अधिक कोळसा वाचतो. वर्गातील ४० घरांचा हिशेब मुलांनीच करावा; तो दोन क्विंटलांवर जाईल. एका युनिटामागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही सांगावे.

तिसरी तासिका : न्याय कोणता?

फळ्यावर तीन आकडे लिहावेत. दर माणशी दर वर्षी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड : अमेरिकेत सुमारे १४ टन, जगाची सरासरी ५ टनांच्या जवळपास, भारतात सुमारे २ टन. मग विचारावे, कमी कोणी करावे? ज्याच्या घरी एकच दिवा आहे त्यास तो विझवावयास सांगणे न्यायाचे होईल काय? १९७२ साली स्टॉकहोम येथील परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा संबंध जगापुढे मांडला. १९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, परंतु सारखी नव्हे, हे तत्त्व मान्य झाले. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे, २०७० पर्यंत उत्सर्जनाचा निव्वळ भार शून्यावर आणण्याचे जाहीर केले.

कोळसा नको म्हटले की सारे प्रश्न सुटतात, असेही मुलांस वाटू देऊ नये. गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् या धरणांतून कोळशाविना वीज मिळाली असती. परंतु मोठे जंगल व अनेक आदिवासी गावे पाण्याखाली गेली असती. १९८४ च्या सुमारास गडचिरोलीत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, बाबा आमटे त्यात अग्रभागी होते, आणि ती धरणे झाली नाहीत. त्याच काळातील जागृतीतून धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गाव पुढे आले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या ग्रामसभेस २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल उभे ठेवून त्यातून रोजगार मिळविता येतो, हे त्या गावाने दाखविले. उभे जंगल कार्बन साठवून ठेवते, हा लाभ मात्र साऱ्या जगाचा.

सौरऊर्जेचा विचारही दोन्ही बाजूंनी करावा. दूरच्या पाड्यावर ती लवकर पोहोचते, धूर करीत नाही, ऊन तर येथे विपुल आहे. परंतु रात्रीसाठी साठवण लागते, बॅटरी बिघडल्यास दुरुस्ती करणारा लागतो. तसेच उद्या खाणी कमी झाल्या तर त्या मजुरांनी काय करावे, याचे उत्तर आजच शोधावयास हवे.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

वर्गात खाणकामगाराचा मुलगा असतो, तशी सरपण आणणारीची मुलगीही असते. चर्चेच्या ओघात यांपैकी कोणासही आपल्या आईबापांचे काम लाजिरवाणे वाटता कामा नये. कोळसा काढणारा हा अपराधी नाही आणि मोळी आणणारी जंगलाची वैरीण नाही. दोघेही उपलब्ध मार्गाने आपले घर चालवितात. ज्यांना निवड करता येते त्यांची जबाबदारी अधिक, हे तत्त्व मुलांनी ध्यानी घेतले म्हणजे पुरे. शेवटचा निष्कर्ष शिक्षकांनी लिहून देऊ नये.

स्वाध्याय

१. आपल्या घरी एका आठवड्यात कोणते इंधन किती लागले, ते कोणी आणले व त्यास किती वेळ गेला, याची नोंद करा.
२. घरातील विजेच्या देयकावरून महिन्याचे युनिट पाहा व त्यासाठी लागलेल्या कोळशाचा हिशेब करा. देयक नसल्यास शाळेचे घ्या.
३. आजी-आजोबांस विचारा : त्यांच्या लहानपणी सरपण गावापासून किती अंतरावर मिळे? आज किती अंतरावर मिळते?
४. गावाला एकच सोय मिळणार आहे : सौर पंप, प्रत्येक घरी वर्षभराचा गॅस, किंवा गावाच्या जंगलाची राखण. ग्रामसभा भरली आहे असे समजून वर्गात चर्चा करा. ज्यांचे मत हरले त्यांचे म्हणणेही इतिवृत्तात लिहा.