लेकरांच्या हातची नानकटाई



नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून फराळाची तयारी सुरू होते. चकल्या, शंकरपाळे, करंज्या ह्यांच्या जोडीला बिस्किटेही घरीच करावीत असे आता पुष्कळांना वाटू लागले आहे. इंझोरीतील काही मातांनी आम्हांला विचारले, "फादर, घरी ओव्हन नाही. मग लेकरांना घेऊन बिस्किटं कशी करायची?" ओव्हनच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे व ते आम्ही पुढे देत आहोत. परंतु त्या प्रश्नातील 'लेकरांना घेऊन' हे दोन शब्द अवघड आहेत. त्या दोन शब्दांच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक झाली होती. आजचा पाठ त्या चुकीतूनच निघाला आहे.

१. थोडी ओळख

'बिस्किट' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेले' असा आहे. लांबच्या प्रवासात खराब होऊ नये म्हणून खलाशी व सैनिक ह्यांच्यासाठी रोटी पुन्हा भाजून कोरडी करीत असत. आजचे बहुतेक बिस्किट एकदाच भाजतात, नाव मात्र जुनेच राहिले. 'कुकी' हा शब्द डच भाषेतला असून त्याचा अर्थ 'छोटा केक' असा होतो. 'नानकटाई'मधील 'नान' म्हणजे फारसीत रोटी. हा पदार्थ सुरतेचा मानला जातो. तेथील डच लोकांच्या बेकरीचे काम पुढे पारशी कारागिरांनी चालवले व त्यांच्या हातून नानकटाई घडली, असे परंपरेने सांगतात. आपला 'पाव' पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात त्याचे पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला आहे. त्याचा अर्थ 'जन्म'.

विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीने १९३९ साली बिस्किटे करायला सुरुवात केली. पुण्याची कयानी बेकरी १९५५ सालची. तिची श्रुजबेरी बिस्किटे नातेवाइकांसाठी डबे भरभरून नेली जातात. पुडा स्वस्त झाला, खेड्यातल्या टपरीवर मिळू लागला, आणि बिस्किट ही विकत आणण्याची वस्तू झाली.

पण मधल्या काळातील एक पद्धत आपल्यातील चाळिशीच्या पुढच्या लोकांना नक्की आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुटीत आई पीठ, साखर व तूप किंवा डालडा मोजून देई. मुले ते घेऊन जवळच्या गावातील बेकरीवर जात, भट्टीसमोर रांगेत बसत आणि बिस्किटांनी भरलेला पत्र्याचा डबा घेऊन घरी येत. आपलेच पीठ, आपलेच तूप, बेकरीवाल्याला फक्त मजुरी. डबा बदलू नये म्हणून त्यावर नाव घातलेले असे. कोठे कोठे ही पद्धत आजही चालू आहे. त्या बिस्किटांची चव का लक्षात राहिली, ह्याचा विचार आपण शेवटी करू.

२. साहित्य व कृती

आपल्या भागात ज्वारी घरची असते, म्हणून तिचाही उपयोग करू या. सुमारे वीस नानकट्यांसाठी असे माप घ्यावे : मैदा किंवा गव्हाचे बारीक पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, थिजलेले तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दही एक चमचा, खाण्याचा सोडा दोन चिमटी, मीठ एक चिमूट आणि चार वेलदोड्यांची पूड. घरी काटा नसेल तर किराणा दुकानातून तोलून आणावे, आणि तोलताना मुलाला काटा पाहू द्यावा.

तूप वितळलेले नको. डिसेंबरच्या थंडीत ते आपोआप थिजते. तूप व साखर परातीत घेऊन तळहाताने दहा मिनिटे फेसावे. रंग पांढरट व्हायला हवा. मग दही घालावे. सर्व पिठे, सोडा व मीठ एकत्र चाळून त्यात मिसळावीत. पीठ कणकेसारखे मळू नये, फक्त गोळा जमवावा. गोळा फुटत असेल तर चमचाभर दूध घालावे. अर्धा तास झाकून ठेवावा.

ओव्हनऐवजी जाड बुडाचा जुना गंज घ्यावा. त्यात दोन बोटे जाडीचा स्वच्छ, कोरड्या वाळूचा थर द्यावा, वर तिवई ठेवावी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवावा. कुकर वापरल्यास शिट्टी व रबर काढून टाकावे आणि आत पाणी घालू नये. तूप लावलेल्या ताटलीत आठेक गोळे अंतर सोडून ठेवावेत, ताटली तिवईवर ठेवून झाकण लावावे व मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावेत. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात.

३. कोणते काम कोणाचे

चार-पाच वर्षांच्या मुलांनी पीठ चाळावे, गोळे वळावेत, प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याने खळगा करून चारोळी बसवावी. सात-आठ वर्षांच्या मुलांनी मापे मोजावीत व तूप फेसावे. दहा वर्षांपुढील मुलांनी सोडा व मीठ घालावे, घड्याळ पाहावे आणि किती झाल्या ह्याचा हिशोब ठेवावा. वीस नानकट्या सहा घरी द्यायच्या तर प्रत्येकी किती व उरल्या किती, हे गणित तेथे पाटीवर मांडावे लागत नाही. विस्तव, तापलेला गंज व सांडशी मात्र फक्त मोठ्यांच्याच हातात असावी. हा नियम कोणीही मोडू नये.

४. आत काय घडते

मुले विचारतील, म्हणून आपल्याला उत्तर ठाऊक असावे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की चिकटपणा येतो. त्यामुळेच पोळी लाटता येते. येथे तूप पिठाच्या कणांना आधीच वेढून टाकते, म्हणून तो चिकटपणा धरत नाही व नानकटाई खुसखुशीत होते. ज्वारीत तसा चिकटपणा मुळातच नसतो. त्यामुळे भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि त्यामुळेच ज्वारी बिस्किटाला मानवते. फेसताना तुपात शिरलेली हवा आणि सोड्यातून निघणारा वायू उष्णतेने फुगतात, गोळा पसरतो व त्याला वरून भेगा पडतात. बदामी रंग व वास हा पिठातील प्रथिने व साखर तापल्याने येतो. लुई-कामिय मेयार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. सोडा जास्त झाला तर रंग गडद होतो व चव साबणासारखी कडवट लागते. गरम नानकटाई मऊ असते. ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नये. दहा-पंधरा मिनिटांत निवून ती कडक होते. ही पंधरा मिनिटे मुलांना फार जड जातात.

५. आमची चूक

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही नऊ मुलांना घेऊन नानकटाई करायला बसलो. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते व ताट चांगले दिसावे अशी आमची इच्छा होती. सोडा घालण्याचे काम दहा वर्षांच्या एका मुलाकडे होते. दोन चिमट्यांऐवजी त्याने चमचाभर सोडा टाकला. आम्ही मोठ्याने म्हणालो, "दे इकडे!" चमचा त्याच्या हातातून घेतला आणि त्याला भांडी घासायला पाठवले. तो काही न बोलता गेला. आम्ही नवे पीठ घेऊन सर्व काही स्वतःच केले. उरलेली मुले भिंतीला टेकून पाहत राहिली. नानकट्या उत्तम झाल्या. नाताळच्या मिस्सेनंतर ताट फिरले तेव्हा तो मुलगा आम्हांला म्हणाला, "नको फादर, त्या तुमच्या हायेत."

तो रुसला असेल असे आम्हांला वाटले. पण तो रागात नव्हता. त्याने फक्त खरे सांगितले होते.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. आईवडील कापूस वेचणीला गेले होते, आजी घरी होती. आम्ही झालेला प्रकार सांगितला. आजी म्हणाली, "फादर, भाकर काही पहिल्याच दिवशी गोल होत नसते. माह्या आईनं माह्या वाकड्या भाकरी वर्षभर खाल्ल्या." आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. त्याला काय बोलावे ते कळेना. थोड्या वेळाने त्याने विचारले, "फादर, सोडा किती टाकाचा असते?"

त्याच आठवड्यात आजीच्या चुलीवर आम्ही पुन्हा बसलो. ह्या वेळी आमचे काम विस्तव सांभाळण्याचे होते. एकवीस नानकट्या झाल्या. त्यांपैकी पाच खालून करपल्या, आणि तो दोष आमच्या विस्तवाचा होता. त्याने सोळा गल्लीत वाटल्या. करपलेल्या आजीने चहात बुडवून खाल्ल्या.

६. मनन

आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचा एक भेद पाठ केला होता. तो म्हणतो, वस्तू घडवणे वेगळे आणि कृती करणे वेगळे. घडवण्याचे प्रयोजन त्या घडलेल्या वस्तूत असते. कृतीचे प्रयोजन त्या कृतीतच असते. बेकरीवाला बिस्किट घडवतो. तेथे बिस्किट बिघडले तर काम बिघडले. आईने किंवा आजीने मुलाबरोबर बिस्किट करणे वरून तसेच दिसते, परंतु ते दुसऱ्या प्रकारात मोडते. तेथे बिस्किट बिघडले तरी काम झालेले असू शकते. आणि बिस्किट उत्तम होऊनही काम बिघडलेले असू शकते. आमचे तसेच झाले होते. परीक्षेत हा भेद आम्ही बरोबर लिहिला होता. तो कळला मात्र त्या मुलाकडून.

येथे कोणी म्हणेल, "फादर, तूप काय भावाने मिळते ते ठाऊक आहे का? लेकरांनी वाया घालवायचे का?" ही तक्रार खोटी नाही. ज्या घरी महिन्याचे तूप मोजून आणतात तेथे १२० ग्रॅम तूप फुकट जाणे लहान गोष्ट नव्हे, आणि अन्न टाकणे चांगले नव्हेच. म्हणून आमची सूचना अशी की, पहिल्या वेळी पाव मापच घ्यावे. सगळी पिठे मिळून ५० ग्रॅम, तूप ३० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, सोडा अर्धी चिमूट. पाच नानकट्या होतील. चूक झाली तरी परवडेल एवढे माप घ्यावे, आणि मग ते माप खरोखर मुलाच्या स्वाधीन करावे. बिघडले तर 'दे इकडे' न म्हणता 'आता काय करू या?' असे विचारावे. चव थोडी कमी असेल तर घरच्यांनी मुलासमोर खावी. फार कडवट झाली असेल तर खोटी स्तुती करू नये. ती कशामुळे बिघडली ते मुलालाच शोधू द्यावे.

वर बेकरीच्या डब्याचा उल्लेख केला. त्या बिस्किटांत आजच्या पुड्यापेक्षा काही विशेष होते असे नाही. पण पीठ आपण डोक्यावर नेले होते, भट्टीजवळ आपण घाम गाळला होता आणि डबा आपण मोजून आणला होता. म्हणून ती आपली होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो, आणि ती मागताना 'माझी' न म्हणता 'आमची' म्हणतो. घरातले लहान मूल त्या 'आमची'मध्ये खाणारा म्हणून तर असतेच. ते करणारा म्हणूनही असावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या हातातून लहानपणी कोणी एखादे काम काढून घेतले होते का? ते काम आपण पुढे शिकलो का?
२. आपल्या घरात असे कोणते काम आहे, जे मूल करू शकते, पण आपण घाईमुळे त्याला करू देत नाही?
३. मुलाकडे क्षमा मागणे आपल्याला जड का जाते?

नाताळपूर्वीच्या रविवारी मिस्सेनंतर मुलांनी आपापल्या हातच्या नानकट्या डब्यातून आणाव्यात. वाकड्या, फुटलेल्या, करपलेल्या सर्व चालतील. आईने सुधारून दिलेल्या मात्र आणू नयेत.