कायद्याचे हेतू व प्रकार : व्यापाऱ्याच्या दृष्टीने

कायदा म्हटला की आपल्या व्यापारी बंधूंच्या डोळ्यांपुढे प्रथम निरीक्षक उभा राहतो आणि मागोमाग दंडाची पावती. ही समजूत अपुरी आहे. लष्कर येथील दाल बाजारात आपण नमुना पाहून माल घेतो व उधारीवर देतो; त्या विश्वासाच्या पाठीशी कायदाच असतो.

कायद्याचे मुख्य हेतू तीन : शांतता राखणे, दुर्बळास संरक्षण देणे व व्यवहारास निश्चितता आणणे. मणशेरांच्या काळी ठिकठिकाणी मण निराळा असे. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि ग्वाल्हेरचा क्विंटल तोच पुण्याचा क्विंटल झाला.

आता प्रकार. सर्वांच्या वर २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेली राज्यघटना. तिच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने धंद्याचे स्वातंत्र्य दिले असून लोकहितार्थ वाजवी बंधनांसही वाव ठेवला आहे. तिच्या खाली दिवाणी कायदा. करार, देणेघेणे, वारसा हे त्याचे विषय व नुकसानभरपाई हा मुख्य उपाय. फौजदारी कायद्यात गुन्हा समाजाविरुद्ध मानून शिक्षा दिली जाते. १८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. ठरलेला माल न देणे ही सामान्यतः दिवाणी बाब. आरोग्यास घातक भेसळ हा मात्र गुन्हा. याखेरीज धंद्याचे नियमन करणारे कायदे आहेत : मध्य प्रदेशाचा १९७२ चा कृषी उपज मंडी कायदा, २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, २००९ चा वजनमाप कायदा.

तरुणपणी आम्ही हरभऱ्याचा एक सौदा केवळ शब्दावर केला. भाव चढले व विकणाऱ्याने शब्द फिरविला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही वैध असू शकतो. परंतु तो सिद्ध करण्यास आमच्याजवळ चिठ्ठीचा कपटाही नव्हता. तोच हरभरा आम्ही पुढे एका लहान डाळ गिरणीवाल्यास विकून बसलो होतो. त्याच्याजवळही कागद नव्हता. वडील एवढेच म्हणाले, "माल पोचता करा." चढ्या भावाने खरेदी करून आम्ही तो पोचविला. त्या हंगामाची मिळकत गेली. तो गिरणीवाला मात्र आमच्या पेढीस कायमचा जोडला गेला.

कायद्याचे हात पुराव्यापर्यंत पोचतात. त्यापुढे व्रताचा प्रांत सुरू होतो. खोटी मापे व भेसळ यांना तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचे अतिचार म्हटले आहे. तेव्हा सौदा त्याच दिवशी लिहून ठेवावा. आणि लिहिलेला नसला, तरी दिलेला शब्द पाळावा.